पिवळ्या कार्डापलीकडचा हिवताप

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पालघर येथे प्रकल्पाची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या बंदरामुळे दहा लाख रोजगार निर्माण होतील, असा सरकारचा दावा आहे. मच्छीमारांचा विरोध आणि बुडणाऱ्या मासेमारीचा प्रश्न आपल्या जागी कायम असला, तरी डहाणू-तलासरीतील तरुणांना बंदर व नौवहन व्यवसायाच्या प्रशिक्षणाची दारे उघडतील, अशी अपेक्षा निर्माण झाली आहे. यांपैकी काही जण उद्या लागोस, मोम्बासासारख्या बंदरांत उतरतील. त्यांच्या प्रकृतीची तयारी कोण करून घेणार, याची चर्चा मात्र कुठेच नाही.

आफ्रिकेतील अनेक देशांत जाण्यापूर्वी पीतज्वराची लस घ्यावी लागते. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती अधिकृत केंद्रातच टोचून घ्यायची आणि पिवळे कार्ड जपायचे, हे प्रत्येक खलाशाला ठाऊक असते. कार्डाविना परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापासाठी असे कार्ड नाही, शिक्का नाही, अडवणारा अधिकारी नाही. साहजिकच तो विस्मरणात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हिवतापाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण आढळले आणि सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यांतील ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागातले होते.

‘मलेरिया आमच्याकडेही आहे, आम्हाला त्याचे काय?’ हा समज अधिक घातक आहे. मुंबई परिसरात प्रामुख्याने व्हायवॅक्स जातीचा हिवताप आढळतो. आफ्रिकेत बहुतांशी फाल्सिपेरम. उपचाराला विलंब झाल्यास तो चोवीस तासांतही गंभीर रूप धारण करू शकतो. लहानपणी पाड्यावर दोनदा ताप येऊन गेला, म्हणून त्यापासून संरक्षण मिळत नाही. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट तयार करीत असलेली आर-२१ लसही आफ्रिकेतील बालकांसाठी आहे, प्रवाशांसाठी नव्हे.

उरतात त्या प्रतिबंधक गोळ्या. आफ्रिकेत क्लोरोक्विन निष्प्रभ ठरले आहे. डॉक्सिसायक्लिन प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावे लागते. शिवाय उन्हाने त्वचा भाजते, हे डेकवर काम करणाऱ्याला आधी सांगायला हवे. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवसांत संपते, पण महाग पडते. मेफ्लोक्विन दोन आठवडे आधी सुरू करतात आणि मनोविकाराचा पूर्वेतिहास असणाऱ्यांना ते देत नाहीत. निवड डॉक्टरांचीच, परंतु जहाजावर चढण्याचा निरोप दोन दिवसांपूर्वी आला, तर डॉक्टर गाठायचा कधी? नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीतच हा सल्ला आणि गोळ्यांचा खर्च समाविष्ट करणे अवघड नाही. धक्क्याला लागलेल्या जहाजावर रात्रपाळी करणाऱ्याला गोळ्यांबरोबर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासरोधक मलमही लागतेच.

प्रश्न खलाशापुरता नाही. भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हिवताप पसरवणारे डास पालघर जिल्ह्यात आहेतच. त्यामुळे रक्तात परजीवी घेऊन गावी आलेला एक रुग्णही रोगाच्या प्रसाराला पुरेसा ठरू शकतो. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आल्यास त्याच दिवशी रक्ततपासणी करावी आणि आपण कोणत्या देशातून आलो, हे न विचारताच डॉक्टरांना सांगावे, एवढे तरी प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवता येईल.