कोऱ्या बॅटवरची अक्षरं
बीडच्या सचिन धसचे २०२४च्या युवा क्रिकेट विश्वचषकातल्या ९६ धावा आपल्याला पाठ आहेत. बीडच्या पोरींना मात्र मला सोलापूरची किरण नवगिरे सांगायचीय. शेतकऱ्याची लेक, आधी भालाफेक, गोळाफेक. बॅट हाती आली उशिरा. नागालँडकडून खेळताना २०२२मध्ये टी-ट्वेंटीत नाबाद १६२ ठोकले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडमध्ये भारताकडून पदार्पण, वयाच्या २७व्या वर्षी! उशीर झाला, असं कुणी पोरीला सांगूच नये. पुढच्या मार्चमध्ये महिला प्रीमियर लीगमधल्या आपल्या पहिल्याच डावात तिनं अर्धशतक केलं. बॅटवर प्रायोजकाचं स्टिकर नव्हतं. लाकडावर हातानं लिहिलेली धोनीची आद्याक्षरं आणि त्याचा जर्सी क्रमांक होता: एमएसडी ०७.