अंदाजपत्रकात वस्तीचा शब्द

गल्लीतील दिवा बंद पडला, चेंबरचे झाकण खचले किंवा नळाला गढूळ पाणी आले, म्हणजे नागरिक क्षेत्रीय कार्यालयात तक्रारअर्ज दाखल करतो आणि पोच घेऊन परततो. परंतु ज्या अंदाजपत्रकात त्या दिव्याची व झाकणाची तरतूद व्हावयाची, ते सिद्ध होत असताना मात्र त्याची तेथे दादही नसते आणि फिर्यादही नसते. पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची जी पद्धत सुरू केली, तिचे महत्त्व मला याचसाठी वाटते.

प्रभागातील पदपथ, पथदिवे, बसथांबे यांसारखी कामे रहिवाशांनी विहित नमुन्यात सुचवावीत आणि छाननीअंती ग्राह्य ठरलेल्या कामांसाठी पुढील वर्षी रक्कम राखून ठेवावी, अशी ही व्यवस्था. मात्र एकेकट्याने घाईने भरलेला अर्ज छाननीत टिकणे कठीण. जागा खाजगी सोसायटीच्या आवारातली निघाली, किंवा स्थळाचा निर्देश मोघम राहिला, की तो बाजूला पडतो. उलट, शेजारीपाजारी मिळून एका सकाळी रस्ता पायी फिरले, फरशी कोणत्या दुकानापासून कोणत्या वळणापर्यंत उखडली आहे हे त्यांनी टेपने मोजले, बंद दिव्याच्या खांबावरचा क्रमांक टिपून घेतला आणि तो सारा तपशील सह्यांनिशी सादर केला, तर त्या कागदाला वजन येते. या फेरीत बंगल्यांतील निवृत्त गृहस्थांबरोबर मागच्या वस्तीतील, सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्या स्त्रियाही असल्या पाहिजेत, असा माझा आग्रह आहे; एरवी बागेतील बाकांची मागणी वर जाते आणि शौचालयाच्या तुटलेल्या दाराची मागणी कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ओला व सुका कचरा आपण होऊन वेगळा करण्यास आरंभ केला आणि त्यातून उभी राहिलेली चळवळ महापालिकेला आपल्या व्यवस्थेत सामावून घ्यावी लागली, हे अशा एकजुटीचे उदाहरण आपल्यापुढे आहेच.

तथापि हे सारे कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहू नये. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या आणि २००९ साली राज्याच्या कायद्यात मतदारांच्या क्षेत्रसभेचीही तरतूद झाली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुण्याचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती असताना तर अशा सभांची निकड अधिकच जाणवली. म्हणून अंदाजपत्रकापूर्वी क्षेत्रसभा भरवावी, आणि गतवर्षी सुचविलेल्या कामांपैकी कोणती झाली, कोणती कोणत्या कारणास्तव राहिली, याचा लेखी तपशील तेथे सर्वांसमक्ष वाचून दाखवावा, अशी मागणी प्रत्येक वस्तीने आताच नोंदविली पाहिजे.