लपवू नका, तपासून घ्या



"बाय, डॉक्टरला सांगू नको हां." कॅन्सरचे औषध सलाइनमधून चालू असताना आमच्या वॉर्डातल्या एका मावशींनी मला उशाखालची काढ्याची बाटली दाखवली होती. मी डॉक्टरांना सांगितले. ते मावशींवर ओरडले. बाटलीत काय आहे, हे मात्र त्यांनी विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून बाटली दिसेनाशी झाली. मावशींनी काढा सोडला नव्हता, मला सांगणे सोडले होते. पुढे त्या वारल्या. काढ्याने काही साधले की बिघडले, कोणी सांगू शकणार नाही. कोणी लिहूनच ठेवले नाही.

वैद्य आणि कॅन्सरचे शास्त्रज्ञ यांनी मिळून संशोधन करावे, असे म्हटले की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, हे थोतांड इस्पितळात नको. दुसरा म्हणतो, आजीबाईच्या बटव्याला परीक्षा कशाला? माझे भांडण दोघांशी आहे.

पहिल्या तटाने चीनमधील हार्बिनची हकीकत ऐकावी. १९७०च्या दशकात तेथील डॉक्टरांनी एका गावठी औषधाचा अभ्यास केला. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचे विष होते. एकेक जिन्नस वेगळा करून पाहिला, तेव्हा गुण सोमलाचा निघाला. रक्ताच्या एका विशिष्ट कॅन्सरवर, म्हणजे अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर, ते औषध म्हणून २००० साली अमेरिकेतही मान्य झाले. सोमल हे जहर आहे. म्हणून ते मोजून, हृदयाचा आलेख काढत, इस्पितळातच देतात.

दुसऱ्या तटाने लेट्राइल आठवावे. जर्दाळूच्या बियांतील द्रव्यापासून केलेल्या या औषधाचा अमेरिकेत केवढा गाजावाजा झाला! १९८२ साली १७८ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. कोणी बरे झाले नाही. काहींच्या रक्तात मात्र सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचले.

आणि "झाडपाल्याने अपाय होत नाही" म्हणणाऱ्यांसाठी एवढेच: सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सोबत घेतल्यास इरिनोटेकान या कॅन्सरच्या औषधाचा प्रभावी अंश रक्तात ४२ टक्क्यांनी घटतो, असे २००२ साली नेदरलँड्समधील अभ्यासात दिसले. रुग्णाला वाटते, दोन औषधे घेतो आहे. पदरात एकही पुरते पडत नाही.

म्हणून सहकार्य हवेच, पण खरे. वैद्याने जिन्नस आणि प्रमाण उघड करावे. शास्त्रज्ञाने हेटाळणी न करता ऐकावे. निकाल विरुद्ध गेला तर मान्य करू, हे दोघांनी आधीच लिहून द्यावे. इस्पितळाच्या पाटीखाली काढ्याचे दुकान थाटणे हे सहकार्य नव्हे.

आपण काय करावे? कुपत होलीमला जाताना बाटली पिशवीत घालून न्या. जिन्नसांची नावे हिब्रूत सांगता येत नसतील तर मुलाला, सुनेला सोबत घ्या. डॉक्टर रागावले तर रागावू द्या, पण कागदावर नोंद करून घेतल्याशिवाय उठू नका.