गाइड आहे, पण मेंटर कुठे आहे?

मुलगी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे म्हटलं, की आपल्याकडे पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कुठल्या कंपनीत? पॅकेज किती? परदेशी कधी पाठवणार? पण 'कंपनीत नाही हो, कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करतेय' असं उत्तर आलं, की विचारणाऱ्याचा उत्साह मावळतो. 'म्हणजे अजून शिकतेच आहे का?' एवढंच मग विचारलं जातं. बरोबरच्या मैत्रिणी फ्लॅटचे हप्ते भरत असतात आणि ही मात्र फेलोशिपवर दिवस काढत असते. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, दोन वर्षांनी ती ४२ हजार होते. पण ती मिळणाऱ्याच मुळात थोड्या.

मी कला शाखेची पदवीधर. कॉम्प्युटरच्या आत काय चालतं ते मला विचारू नका. पण आमची संस्था बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह चालवते आणि गेल्या काही वर्षांत तिथे संशोधन करणाऱ्या मुलीही राहायला येऊ लागल्या आहेत. त्यांच्याबरोबर जेवता-बोलताना एक गोष्ट माझ्या चांगलीच लक्षात आली. या मुली हुशारीत कुठेच कमी पडत नाहीत. त्या अडतात त्या 'आता पुढे काय करायचं' हे सांगणारं माणूस नसल्यामुळे.

त्यांचं जगच वेगळं. इतर शास्त्रांत नियतकालिकात लेख छापून आला की झालं. कॉम्प्युटरमध्ये मोठा मान आंतरराष्ट्रीय परिषदांचा. तिथे पेपर पाठवायची शेवटची वेळसुद्धा गमतीशीर. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत पेपर चालतो! म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच वाजेपर्यंत. त्या दिवशी या मुलींना जेवणाची शुद्ध नसते. आणि एवढं करून नामांकित परिषदांमध्ये चारातले तीन पेपर परत येतात.

पेपर परत आला की काय करायचं? परीक्षकांनी लिहिलेलं वाचून रडायचं, की त्यातलं कामाचं तेवढं घेऊन दुसरीकडे पाठवायचं? दुसरीकडे म्हणजे नेमकं कुठे? परिषदेला गेल्यावर अनोळखी मोठ्या संशोधकाशी बोलायला सुरुवात कशी करायची? नोकरीच्या मुलाखतीत 'जर्नलमधले पेपर किती?' असं विचारलं, तर परिषदेतल्या पेपरचं मोल कसं पटवायचं? शिफारसपत्र कोणाकडे मागायचं, पीएच.डी.नंतरच्या कामासाठी अर्ज किती महिने आधी करायचा? यातलं काहीच अभ्यासक्रमात नाही. हे कोणीतरी कानात सांगावं लागतं.

'मग गाइड कशाला असतो?' असं तुम्ही म्हणाल. तिथेच तर खरी मेख आहे. गाइड प्रबंध पुरा करून घेतो, मेंटर माणूस उभा करतो. काही भाग्यवान मुलींना दोन्ही एकाच व्यक्तीत मिळतात. पण गाइडच्या हाताखाली आठ-दहा विद्यार्थी, त्याची स्वतःची कामं, शिवाय तुमच्या प्रबंधावर त्याचंही नाव. 'सर, मला हा विषय झेपत नाहीये', 'मॅडम, मला दिवस गेलेत', 'मला तुमच्याच वागण्याचा त्रास होतोय' ही वाक्यं गाइडपुढे बोलायची कशी? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक संशोधकासाठी एक सल्लागार समिती असते, दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. चांगली सोय आहे. पण त्या समितीचा निमंत्रक कोण? तर गाइडच! मग मुलीने तोंड उघडायचं कुठे?

एका माणसाच्या मर्जीवर सगळं अवलंबून असलं की काय होतं, हे आपल्या कमलाबाई सोहोनींनी (तेव्हाच्या भागवत) १९३३ मध्येच अनुभवलं. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून, वर्षभर पारखून घेण्याच्या बोलीवर त्यांना आत घेतलं. तिथे श्रीनिवासय्यांसारखे शिस्तीचे पण मनापासून शिकवणारे गुरू भेटले आणि १९३९ मध्ये कमलाबाई केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. एकाने दार लावलं, दुसऱ्याने वाट दाखवली. पण दुसरा भेटणं हे नशिबावर का सोडायचं?

अमेरिकेतल्या संगणक संशोधक बायकांनी ते नशिबावर सोडलं नाही. तिथल्या कॉम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनने १९९१ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी समितीच नेमली. २००४ पासून त्यांनी 'ग्रॅड कोहोर्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. संशोधनाच्या पहिल्या काही वर्षांतल्या मुलींना एकत्र बोलवायचं आणि अनुभवी प्राध्यापिकांनी, कंपन्यांतल्या संशोधिकांनी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायचं. गाइड कसा निवडावा, पेपर कसा लिहावा, ओळखी कशा कराव्यात, घर आणि काम कसं जमवावं, सगळं. 'मशिन लर्निंग'मधल्या स्त्रियांची वार्षिक कार्यशाळा २००६ मध्ये सुरू झाली, तीही एका परिषदेला गेलेल्या काही तरुण संशोधिकांच्या गप्पांतून. आपल्या विषयात बायका आहेत तरी किती, याची त्या यादी करायला बसल्या आणि ती फारच लवकर संपली!

'गप्पा मारून काय होतं?' या प्रश्नालाही उत्तर आहे. अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या तरुण प्राध्यापिकांसाठी अशीच दोन दिवसांची कार्यशाळा घेतली गेली. अर्ज जास्त आले, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली आणि पुढे दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनी कार्यशाळेत गेलेल्यांचे लेख सरासरी तीनने जास्त होते, संशोधनासाठी अनुदानंही जास्त मिळाली होती. विषय वेगळा असेल, पण तरुण प्राध्यापिकांची अडचण तीच.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये संसारामुळे खंड पडलेल्या स्त्रियांना पुन्हा संशोधनात आणण्याची योजना काढली, २०१४ मध्ये 'किरण' नावाखाली अशा योजना एकत्र आल्या. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा मिळते, प्रबंधाच्या मुदतीत दोन वर्षांची सवलतही मिळते. लग्नानंतर गाव बदललं, तर केलेलं संशोधन नव्या विद्यापीठात नेता येतं. नियम कागदावर चांगलेच आहेत. पण आमच्या वसतिगृहातल्या एका मुलीला यातला एकही माहीत नव्हता. सासर दुसऱ्या राज्यात आहे, म्हणून चौथ्या वर्षी सगळं सोडून द्यायची तिची तयारी झाली होती. दुसऱ्या कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेने अर्धा तास समोर बसवून तिला नियम दाखवले, अर्ज कसा करायचा ते सांगितलं. अर्ध्या तासात तीन वर्षांची मेहनत वाचली!

कोणी म्हणेल, मेंटर मुलांना नको का? हवाच. पण मुलांना तो चहाच्या टपरीवर, रात्री लॅबमध्ये, सिनिअर मुलांच्या खोलीवर आपोआप भेटतो. मुलीला वेळेत वसतिगृहात परतायचं असतं, सरांशी जरा जास्त बोललं की कुजबुज सुरू होते आणि विभागात वरच्या जागी बाई असतेच असं नाही. म्हणून तिच्यासाठी ही सोय जाणूनबुजून करावी लागते.

याला काही कोटींचा निधी लागत नाही. प्रत्येक विभागाने पहिल्या वर्षीच प्रत्येक संशोधकाला गाइडखेरीज एक मेंटर नेमून द्यावा. तो त्याच विभागाचा नसला तर उत्तमच. महिन्यातून एकदा तासभर भेट आणि तिथे बोललेलं बाहेर जाणार नाही ही हमी. लहान गावातल्या कॉलेजांना मोठ्या संस्थांतले अनुभवी लोक जोडून द्यावेत, फोन आणि व्हिडिओ कॉलच्या दिवसांत हे अवघड नाही. आपल्या ज्या मराठी मुली पुण्या-मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात संशोधनात स्थिरावल्या आहेत, त्यांनी वर्षाला दोन मुली जरी हाताशी धरल्या तरी केवढं काम होईल!

आणि मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही येतंच. लेक किंवा सून संशोधन करत असेल, तर 'अजून किती वर्षं?' हा प्रश्न सणासुदीला चारचौघांत विचारू नका. पेपर परत आला म्हणजे ती नापास झाली असं नाही, हे शेजारणीलाही सांगा. तिच्या पेपरची शेवटची तारीख असेल त्या आठवड्यात पाहुणे बोलवू नका. स्थळ पाहताना पत्रिकेबरोबर 'ही पीएच.डी. पुरी करणार' हेही आधीच बोलून घ्या. तिचं संशोधन आपल्याला कळलं नाही तरी चालेल. तिला वाट दाखवणारं कोणी आहे ना, एवढी चौकशी तर आपल्याला करता येईल? नसेल, तर तिच्यासाठी ते माणूस शोधायला आपणच बाहेर पडू या.