निरपराध्यानें मौन धरावें काय ?

अंगावर खोटा आळ आला असतां देवावर भरवसा ठेवणाऱ्या मनुष्यानें काय करावें, असें विचारलें म्हणजे बहुधा एकच उत्तर मिळतें : मुकाट्यानें सोसावें, देव पाहून घेईल. हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. मोठीं माणसें तें देऊन सहज मोकळीं होतात. परंतु ज्या मुलानें चोरी केली नाहीं त्यास चोर म्हटलें आणि वर गप्प राहण्याचा उपदेश केला, तर त्याच्या मनांत देवाविषयीं कोणती कल्पना मूळ धरील, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

उत्पत्तीच्या पुस्तकांतील योसेफाची कथा या दृष्टीनें पुन्हां वाचून पाहावी. १७ वर्षांच्या सुमारास भावांनीं त्यास २० रौप्यमुद्रांस विकलें, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तांत बुडवून बापाकडे पाठविला, आणि बापानें पुत्र मेला असें मानलें. पुढें मिसर देशांत पोटीफराच्या घरचा कारभार तो पाहूं लागला असतां धनिणीनें त्यास पापाकडे ओढूं पाहिलें. तो पळाला, वस्त्र मात्र तिच्या हातीं राहिलें, व तेंच तिनें नवऱ्यास पुरावा म्हणून दाखविलें. ज्या वस्त्रानें त्याचें निर्दोषत्व सिद्ध व्हावयाचें त्यानेंच तो अपराधी ठरला. बिचाऱ्याच्या कपड्यांनीं दोनदां खोटी साक्ष दिली !

बंदिशाळेंत तो रडत बसला नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस विशेष वाटतें तें दुसरेंच. एके सकाळीं राजाचा प्यालेबरदार व राजाचा आचारी या दोघां कैद्यांचे चेहरे उतरलेले त्याच्या दृष्टीस पडले, आणि त्यानें आस्थेनें कारण विचारलें. ज्याच्यावर अन्याय झालेला असतो त्यास बहुधा दुसऱ्याचा चेहरा दिसत नाहीं. स्वप्नाचा अर्थ सांगून झाल्यावर त्यानें प्यालेबरदारास स्पष्टपणें कळविलें कीं, आपणांस स्वदेशांतून चोरून आणिलें आहे, येथेंहि आपला कांहीं अपराध नाहीं, तरी फारोजवळ आपली गोष्ट काढावी. यांत मौन कोठें आहे ? मात्र भावांवर आरोप नाहीं, कीं त्या बाईचा उल्लेख नाहीं. स्वतःची बाजू त्यानें मांडली. दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणिली नाहीं. प्यालेबरदार सुटला आणि विसरला. पुरीं दोन वर्षें गेलीं. योसेफाचा भरवसा या दोन वर्षांत शोधावा. गळ्यांत सोन्याची सांखळी घालून फारोच्या दरबारीं मिरविणाऱ्या ३० वर्षांच्या योसेफांत तो कोणासहि दिसेल.

पौलाचेंहि तसेंच. फिलिप्पै नगरांत त्यास व सीला यास चौकशीवांचून फटके मारून तुरुंगांत टाकलें. मध्यरात्रीं ते दोघे प्रार्थना करीत व गात होते. सकाळीं अधिकाऱ्यांनीं निघून जाण्याचा निरोप धाडला. तेव्हां आम्ही रोमी नागरिक आहों, त्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असें पौलानें बजावलें, आणि त्यांस यावें लागलें.

मग ज्यांची सुटका होतच नाहीं त्यांचें काय, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील, व तें रास्तच होय. फ्रान्समधील जोन ऑफ आर्क हिला पाखंडी ठरवून ३० मे १४३१ रोजीं रूआँ येथें जिवंत जाळण्यांत आलें. ती तेव्हां सुमारें १९ वर्षांची होती. तिच्या आईनें देव पाहून घेईल म्हणून हातपाय गाळले नाहींत. १४५५ सालीं ती वृद्ध बाई पॅरिसच्या नोत्र दाम देवळांत धर्माधिकाऱ्यांपुढें उभी राहिली व मुलीच्या खटल्याची फेरतपासणी तिनें मागितली. १४५६ सालीं पहिला निकाल रद्द झाला. जळून गेलेल्या मुलीस त्याचा काय उपयोग, असें म्हणणाऱ्यास देण्याजोगें पुरें उत्तर आमच्याजवळ नाहीं. आईला तो उपयोग वाटला, एवढें खरें.

आतां पालकांस थोडें सांगावयाचें आहे. योसेफ परदेशी होता, गुलाम होता. पोटीफरानें चौकशी केल्याचा एक शब्दहि कथेंत नाहीं. आपल्या घरांतून अंगठी हरवली कीं पहिला संशय मोलकरणीवर जातो. वर्गांतून पैसे नाहींसे झाले कीं नादारीवर शिकणाऱ्या मुलाचें दप्तर आधीं उघडलें जातें. अशा मुलानें घरीं येऊन आपण पैसे घेतले नाहींत असें सांगितलें, तर आईबापांनीं त्याचें सर्व म्हणणें शांतपणें ऐकावें. रात्रीं त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि सकाळीं त्याच्याबरोबर शाळेची पायरीहि चढावी. शिक्षकांस त्यांत अपमान वाटूं नये.

अंगठी बहुधा चार दिवसांनीं तांदळाच्या डब्यांत सांपडते. तेव्हां मोलकरणीच्या घरीं जाऊन तसें सांगणारे किती निघतात ? पोटीफर पुढें कधीं योसेफाकडे आला कीं नाहीं, हें ग्रंथांत लिहिलेलें नाहीं.