दुखणे सोबत घेऊन चालताना

कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांनी फुलून जातो. सुमारे ४५ किलोमीटरच्या त्या वाटेवर पाय कोणाचे दुखत नाहीत? तरीही दुखणे थांबल्यावर निघू, असे त्यांच्यातील कोणी म्हणत नाही.

घरी मात्र आपण नेमके तेच म्हणत असतो. ‘गुडघ्यांचा ठणका थांबला की फिरायला लागेन’, ‘उत्साह वाटला की व्यायाम करीन.’ तो दिवस उगवत नाही. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल सांभाळणे अवघड होते, पडण्याची भीती वाढते आणि त्या भीतीने आपण आणखी बसून राहतो. पुढे अंगणापर्यंत जाण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो.

हे चक्र भेदण्यासाठी मानसशास्त्रातील ‘स्वीकार आणि बांधिलकी’ ही उपचारपद्धती उपयुक्त ठरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८०च्या दशकात तिची मांडणी सुरू केली. दीर्घकालीन वेदनांच्या काही रुग्णांसाठी व्यायामाबरोबरच या पद्धतीचाही विचार करावा, असे इंग्लंडच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये सुचविले आहे.

या पद्धतीचा आपल्यापुरता वापर असा करता येईल. ‘मला आता जमणार नाही’ असे मनात आले, तर त्याच्याशी वाद घालू नये. ‘मला जमणार नाही, असा विचार आत्ता माझ्या मनात आला आहे’ एवढेच म्हणावे. विचार मनात राहू द्यावा आणि चपला घालाव्यात. मग स्वतःला विचारावे, मला पायांत बळ कशासाठी हवे आहे? आईच्या देवळाच्या पायऱ्या उतरण्यासाठी, नातवाला शाळेत सोडण्यासाठी, की शेताच्या बांधावरून एक फेरी मारण्यासाठी? उत्तर सापडले की त्याच्या दिशेने आज जमेल तेवढे पाऊल टाकावे. ते घरापासून कोपऱ्यापर्यंतचे असले तरी चालेल.

पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते. तेवढे जमले नाही, तरी थोडी हालचाल मुळीच नसण्यापेक्षा बरी, हेही तीच संघटना सांगते. आपल्याकडील उन्हाळ्यात मात्र पहाटेचीच वेळ निवडावी.

स्वीकार म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे ध्यानी असावे. छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे, सांध्याला अचानक सूज येणे अशा वेळी थांबून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार वा मधुमेह असल्यास सुरुवातीपूर्वीच त्यांचा सल्ला घ्यावा.

घरातील सांभाळ करणाऱ्यांना एक विनंती. ‘अण्णा, बसून बसून पाय आखडतील’ या धाकाने वडीलधारी माणसे क्वचितच उठतात. त्याऐवजी ‘अण्णा, तुम्हाला कोणाकडे चालत जावेसे वाटते?’ असे विचारावे आणि दोन पावले त्यांच्या गतीने सोबत चालावे.

पुढील अंक हाती येईपर्यंत दिनदर्शिकेवर रोज एक नोंद करावी. किती दुखले याची नको. आज कोठवर गेलो, एवढीच.