‘मेजर, झोप लागते का?’

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बाह्यरुग्ण विभागात चाळिशीचे एक गृहस्थ आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ताठ बसलेले, दाढी गुळगुळीत, खिशाला पेन. वीस वर्षे फौजेत काढून दीड वर्षापूर्वी हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले. गावात प्रत्येक फौजीला म्हणतात तसे त्यांनाही सगळे ‘मेजर’ म्हणत. तक्रार साधी होती. ‘‘डॉक्टरसाहेब, ॲसिडिटी हटत नाही आणि झोप लागत नाही.’’ रक्तदाब थोडा वाढलेला होता. बाहेर सत्तर-ऐंशी जणांची रांग होती. मी गोळ्या लिहून दिल्या, तिखट कमी करा, जागरण टाळा, असे सांगितले आणि पुढचा केसपेपर घेतला.

दीड महिन्याने त्यांच्या पत्नी आल्या. हातात तोच केसपेपर, चार घड्या घातलेला. मेजरांनी आपले जीवन संपवले होते. बाई रडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘साहेब, तुम्हाला ते काही बोलले होते का?’’

ते काही बोलले नव्हते, आणि मी विचारले नव्हते. आत्महत्या करणाऱ्यांपैकी बरेच जण आधीच्या महिनाभरात कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडे जाऊन आलेले असतात, हे परदेशांतील अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. तक्रार मात्र पोटाची, पाठीची, डोकेदुखीची असते. हे मला पुस्तकातून माहीत होते. तरीही त्या दिवशी माझ्याकडून प्रश्न विचारायचा राहिला. हा लेख त्या राहिलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

नोंदीत नसलेला माणूस

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या अहवालात मृतांची व्यवसायानुसार विभागणी असते. शेतकरी, रोजंदारी मजूर, गृहिणी, विद्यार्थी, अगदी ‘निवृत्त व्यक्ती’ असाही रकाना आहे. ‘माजी सैनिक’ असा रकाना मात्र नाही. फौजेतून येऊन शेती पाहणारा शेतकऱ्यांत मोजला जातो, बँकेच्या दारावर उभा राहणारा खासगी नोकरीत. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, बुलढाणा या जिल्ह्यांत तर घरटी फौजी असलेली गावे आहेत. साताऱ्याजवळचे अपशिंगे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते, शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावामागेच ‘सैनिक’ लागले आहे. अशा जिल्ह्यांतही हा प्रश्न किती मोठा आहे, हे सरकारी आकड्यांवरून सांगता येत नाही.

अमेरिकेत ही मोजणी दरवर्षी होते. तिथे २०२२ मध्ये ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, म्हणजे दिवसाला सतराहून अधिक. आकडा समोर असल्यामुळे तिथल्या संसदेला आणि रुग्णालयांना उत्तर द्यावे लागते. मोजणी नसेल तर जाबही कोणी विचारत नाही.

मात्र यावरून प्रत्येक फौजी मनाने खचलेला असतो, असा अर्थ काढू नये. ब्रिटनमध्ये १९९६ ते २०१८ या काळात सैन्य सोडलेल्यांचा मोठा अभ्यास झाला. एकंदरीत माजी सैनिकांमधील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकांपेक्षा जास्त आढळले नाही. शिस्त, सोबत्यांची साथ, हक्काची पेन्शन या गोष्टी माणसाला सावरतात. पण पंचविशीच्या आत असलेल्या माजी सैनिकांमध्ये हे प्रमाण त्याच वयाच्या इतरांपेक्षा दोन ते चारपट होते. ज्यांची सेवा अल्पकाळ झाली, त्यांनाही धोका अधिक होता. फौज सोडल्यानंतरचा पहिला काळ जोखमीचा असतो, असे अमेरिकेतील नोंदीही सांगतात.

चाळिशीतले निवृत्त

आपल्याकडे सरकारी कारकून साठीच्या आसपास निवृत्त होतो. जवान पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान. असे पन्नास-साठ हजार जण दरवर्षी घरी येतात. मुले शाळा-कॉलेजात, घराचे कर्ज अंगावर, आई-वडील थकलेले. काल ज्याच्या हाताखाली दहा जवान होते, तो आज एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसतो. काम कुठलेच हलके नसते, पण आपण कोण होतो हे कुणालाच ठाऊक नाही, ही भावना आत सलत राहते.

घरातही गणित बदललेले असते. पंधरा-वीस वर्षे त्याच्या पत्नीने एकटीने घर चालवलेले असते. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचे दवाखाने, सोसायटीचे कर्ज, बांधावरची भांडणे, सगळे. वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा माणूस घरचा पाहुणा असतो, त्याच्यासाठी गोडधोड होते. तोच कायमचा आला की कुणी किती वाजता उठावे यावरून वाद सुरू होतात. एक वीस वर्षांचा मुलगा मला म्हणाला होता, ‘‘पप्पा घर नाही, बराक चालवतात.’’ वडील बाहेरच्या बाकावर बसून हे ऐकत होते.

शरीराचे हिशेबही मागाहून पुढे येतात. उंचावरच्या चौक्या, जड पाठपिशव्या, तोफांचे आवाज यांतून गुडघे, मणके आणि कान गेलेले असतात. सतत दुखणे आणि तुटलेली झोप, ही जोडी माणसाला हळूहळू पोखरते. काहींना चकमकीतले प्रसंग झोपेत पुन्हा दिसतात, फटाका वाजला तरी दचकायला होते. याला आघातोत्तर तणाव म्हणतात, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

त्यात दारू. कॅन्टीनमधून स्वस्तात मिळणाऱ्या कोट्याबद्दल फौजींच्या घरात विनोद होतात, पण बायका त्यावर हसत नाहीत. झोपेसाठी म्हणून घेतलेला पेग झोप आणखी बिघडवतो, उदासी वाढवतो आणि ऐन वेळी माणसाचा स्वतःवरचा ताबा सोडवतो. भावकीतली जमिनीची भांडणे, मुलीच्या लग्नाचे कर्ज, बुडालेला धंदा यांची त्यावर भर पडते.

सगळ्यात मोठी अडचण स्वभावाची असते. ‘तकलीफ सांगायची नाही’ हे जिथे वीस वर्षे शिकवले गेले, तिथून आलेला माणूस ‘मला जगावेसे वाटत नाही’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ॲसिडिटी हटत नाही.’

अग्निवीर परततील तेव्हा

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६-२७च्या सुमारास पूर्ण होतात. त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत जवान सैन्यात कायम होतील, बाकीचे एकवीस ते सत्तावीस या वयात घरी येतील. हाताशी सेवानिधीची रक्कम असेल. पण योजनेच्या मूळ अटींनुसार त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएसही नाही.

या योजनेच्या लष्करी बाजूवर बोलण्याचा मला अधिकार नाही. डॉक्टर म्हणून एवढेच दिसते, की कोवळे वय आणि अल्प सेवा ही ब्रिटनच्या अभ्यासातली धोक्याची दोन्ही लक्षणे या मुलांना लागू पडतात. वर ‘तुला ठेवून घेतले नाही’ हा शिक्का गावभर होईल. त्यांच्या नोकऱ्यांसाठी आरक्षणाच्या घोषणा झाल्या आहेत. त्यांच्या मनाची विचारपूस कोण करणार, हेही आताच ठरवले पाहिजे.

काय उपयोगी पडते?

पहिली गोष्ट, थेट विचारणे. ‘विचारले तर डोक्यात नसलेला विचार येईल’ अशी भीती घरच्यांना असते, अनेक डॉक्टरांनाही असते. संशोधन याच्या उलट सांगते. विचारल्याने तो विचार रुजत नाही, बऱ्याचदा मनावरचा दाब हलका होतो. पत्नीने विचारावे, ‘‘अहो, अलीकडे तुम्हाला जगू नये असं वाटतं का?’’ जुन्या सोबत्याने विचारावे, ‘‘मेजर, खरं सांग, जीव द्यायचा विचार येतो का?’’ उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, ‘मुलांचा तरी विचार कर’ असे म्हणू नये. ऐकून घ्यावे, एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे.

दुसरी गोष्ट, साधनापासून अंतर. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळ टिकते. इस्रायलच्या सैन्यात जवान साप्ताहिक सुट्टीत घरी जाताना शस्त्र बरोबर नेत. ते तळावरच ठेवण्याचा नियम झाल्यावर तिथल्या जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. सुट्टीच्या दिवसांतल्या घटल्या आणि इतर दिवसांतल्या वाढल्या नाहीत. आपल्याकडे अनेक माजी सैनिकांजवळ परवान्याची बंदूक असते आणि शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशके असतातच. माणूस कठीण काळातून जात असेल तेव्हा या वस्तू घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात असाव्यात. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करता येते. यात बेअब्रू कसली?

तिसरी गोष्ट, लिहून ठेवलेली सुरक्षा योजना. एका कागदावर रुग्णाच्याच शब्दांत सहा गोष्टी असतात. मन बिघडू लागल्याची खूण कोणती, तेव्हा स्वतः काय करायचे, कुणाकडे जाऊन बसायचे, कुणाला मनातले सांगायचे, कोणत्या डॉक्टरला वा हेल्पलाइनला फोन करायचा आणि घरातून काय दूर ठेवायचे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील तातडीच्या विभागात अशी योजना करून, नंतर फोनवर विचारपूस ठेवली गेली. पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन जवळजवळ निम्म्याने कमी झाले. फौजीला हे पटवणे सोपे जाते. मोहिमेवर निघताना योजना लागते, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत आवडते. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी, रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना अधूनमधून दोन-चार ओळींची पत्रे पाठवली. ‘तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटल्यास कळवा’ एवढाच आशय. मागणी काही नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांमध्ये आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. चौकीवर घरच्या पत्राची वाट पाहिलेल्या माणसाला यामागचे कारण वेगळे सांगायला नको.

यंत्रणेकडून अपेक्षा

नवे काही उभारायची गरज फारशी नाही. जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत, तिथे कल्याण संघटक आहेत. नव्याने निवृत्त झालेल्या प्रत्येकाला पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात एक फोन करता येईल. कागदपत्रांबरोबर झोप, दारू आणि मन यांबद्दलही विचारता येईल. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये साखर-रक्तदाबाबरोबर नैराश्याची प्रश्नावली भरून घेता येईल. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनांतल्या दोन-तीन जणांना प्रशिक्षण देता येईल, कारण फौजी फौजीचेच ऐकतो. आणि मृत्यूच्या नोंदीत माजी सैनिकाचा रकाना हवाच.

कायदाही आता आड येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरते. पोलीस केसच्या भीतीने रुग्णाला घरी लपवून ठेवू नका.

मागे राहिलेल्यांसाठी

सीमेवर पती गेला तर पत्नी वीरपत्नी होते, गाव तिच्यासोबत उभे राहते. पेन्शनीवर आलेल्या पतीने जीव दिला तर तेच गाव कुजबुजते, ‘घरात काहीतरी झालं असेल.’ अशा घरातल्या माणसांना स्वतःलाही आत्महत्येचा धोका जास्त असतो, म्हणून त्यांना भेटणे हासुद्धा प्रतिबंधच आहे. कारण शोधायला जाऊ नका. चहा करून द्या, मुलांच्या शाळेचे पाहा, तिसऱ्या महिन्यात पुन्हा जा. तोवर बाकीचे येणे थांबलेले असते. अनेक बायकांना वाटते की आता पेन्शनही जाईल. तसे नाही. निवृत्तिवेतनधारकाच्या पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क मृत्यू कसा झाला यावर अवलंबून नसतो. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे, जमल्यास बरोबर जाऊन अर्ज भरून द्यायला हवा.

मेजरांच्या पत्नी वर्षभर आमच्या मानसोपचार विभागात येत होत्या. आता मुलीच्या शिक्षणासाठी शहरात राहतात. मी माझ्या टेबलाच्या काचेखाली तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. झोप लागते का? घेता का, किती? जगू नये असे वाटते का? मागच्या महिन्यात एका निवृत्त नाईकांनी तिसऱ्या प्रश्नावर बराच वेळ उत्तर दिले नाही. मग खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाले, ‘‘साहेब, दार लावता का?’’ बाहेरची रांग पाऊण तास थांबली. ते आता दर पंधरा दिवसांनी येतात, पत्नीला घेऊन.

*(स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल असे विचार जाणवत असतील तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. मराठीतूनही मदत मिळते. सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात टेली मानसचा खास कक्षही आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात तपासणी आणि उपचार उपलब्ध आहेत.)*